स्नेह आणि दाह

'स्नेह' आणि 'दाह' हे दोन्ही शब्द आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. कवितेच्या तासाला स्नेह म्हणजे माया आणि दाह म्हणजे विरहाचा, असा अर्थ वहीत उतरवून आम्ही मोकळे होतो. परंतु संस्कृतात 'स्नेह' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. तेल, तूप, चरबी असा कोणताही स्निग्ध पदार्थ म्हणजे स्नेह. आणि वैद्यकातला दाह म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाला आलेली सूज, लाली, ऊब आणि ठणका. या दुसऱ्या अर्थाच्या स्नेहाचा या दुसऱ्या अर्थाच्या दाहाशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. तो पुस्तकातून पडला नाही, घरातूनच पडला. म्हणून आधी घरचे थोडे सांगते.

माझ्या आईला गेली नऊ वर्षे ऱ्हुमॅटॉइड प्रकारचा संधिवात आहे. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ वळत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या एका गोळीने तिचे बरे चालले होते. पण गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळ ठरलेली. अशात माझ्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. तीत एक गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होते की, करडई-सूर्यफुलाची तेले शरीरात दाह पेटवतात, जवस तो विझवतो. तेल बदला, जवस खा आणि गोळ्या फेकून द्या. मी ती आईला दाखवली. नुसती दाखवली नाही, तर "करून बघूया की," असेही म्हणाले. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले; जवसाची चटणी आणि करडईचे तेल दोन्ही घरचेच. आईने करडईचा डबा शेजारी देऊन टाकला, रोज दोन चमचे जवस सुरू केले आणि गोळी बंद केली.

दोन महिन्यांनी तिला भाकरी थापता येईना. बोटांचे सांधे सुजून लाल झाले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. "काकू, जवस खा की खुशाल, पण गोळी सोडायला कुणी सांगितलं?" एवढेच त्यांनी विचारले. मी शेजारीच उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "माझंच डोकं फिरलं बघा," असे म्हणाली.

त्या दिवसापासून हा विषय नीट समजून घ्यायचा असे मी ठरवले. आमच्या महाविद्यालयातील गृहअर्थशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंनी मला पुस्तके दिली आणि शंकांना कंटाळा न करता उत्तरे दिली. जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञान शाखेबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडत आहे.

दाह हा शत्रू नव्हे

पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शोफाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था सांगितल्या आहेत. म्हणजे ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून दिसत होती.

बोटात काटा मोडला, तर त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून लाली आणि ऊब येते. वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होऊन त्यांतील द्रव बाहेर झिरपतो. म्हणून सूज येते. त्याबरोबर पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. म्हणजे दाह ही शरीराची अग्निशामक दलासारखी व्यवस्था आहे. तो नसता तर साध्या काट्यानेही माणूस दगावला असता. संकट टळल्यावरही दाह विझत नाही, किंवा संकट नसतानाच तो पेटतो, तेव्हा त्याचा रोग होतो. आईच्या बोटांत नेमके हेच घडते आहे.

मेदाम्लांची ओळख

तेल असो वा तूप, त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्ले होत. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक लांब साखळी. साखळीतील सगळे दुवे एकेरी असतील, तर ते संपृक्त मेदाम्ल. खोबरेल आणि तूप यांत अशी मेदाम्ले पुष्कळ असतात. काही दुवे दुहेरी असतील, तर ते असंपृक्त. दुहेरी दुव्याच्या ठिकाणी साखळीला बाक येतो, त्यामुळे असे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत. म्हणूनच थंडीत खोबरेल गोठते आणि करडईचे तेल पातळच राहते.

आता 'ओमेगा' हा शब्द. ग्रीक वर्णमालेतील हे शेवटचे अक्षर. साखळीच्या शेवटच्या टोकाकडून मोजू लागल्यावर पहिला दुहेरी दुवा तिसऱ्या कार्बनवर आला, तर ते ओमेगा-३ आणि सहाव्यावर आला, तर ओमेगा-६. नावात यापेक्षा अधिक गूढ काही नाही. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो, ते ओमेगा-६. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो; ते ओमेगा-३. ही दोन्ही आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

ही गोष्ट जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिली. त्यांनी उंदरांना मेद अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, कातडी बिघडली. आहारात थोडेसे लिनोलेइक आम्ल घालताच ते सुधारले. तोवर मेद म्हणजे केवळ जळण, अशी समजूत होती. या प्रयोगाने मेदाचे काही घटक जीवनसत्त्वांइतकेच आवश्यक ठरले. ज्या ओमेगा-६ला माझ्या चित्रफितीतले गृहस्थ विष म्हणत होते, ते असे आवश्यक निघाले, हे वाचून मला पहिला धक्का बसला.

पेशीच्या भिंतीतले कोठार

आपण खाल्लेली मेदाम्ले केवळ पोटावर साठत नाहीत. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ दुपदरी आवरण असते आणि ते मुख्यतः मेदाचेच बनलेले असते. आपल्या आहारात जी मेदाम्ले असतात, त्यांचा ठसा काही आठवड्यांत या आवरणावर उमटतो. घर बांधताना त्या भागात जो दगड मिळतो, तोच भिंतीत जातो, तसे हे आहे.

या भिंतीत ॲराकिडोनिक नावाचे वीस कार्बनांचे एक ओमेगा-६ मेदाम्ल बसलेले असते. पेशीला इजा झाली किंवा जंतूची चाहूल लागली, की एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, त्याला भिंतीतून कापून मोकळे करते. मोकळ्या झालेल्या या आम्लाला दोन मुख्य वाटा असतात. सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या वाटेने गेले, तर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि थ्राँबॉक्सेन तयार होतात. लिपॉक्सिजिनेजच्या वाटेने गेले, तर ल्युकोट्राइन तयार होतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्तवाहिन्या रुंदावते, वेदनेची जाणीव तीव्र करते, ताप आणते. ल्युकोट्राइन बी-४ पांढऱ्या पेशींना बोलावून आणते. सेल्ससची ती चार लक्षणे या रेणूंच्या भाषेत अशी वाचता येतात.

हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. १९३०च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यातील एका क्रियाशील द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते असा त्यांचा समज होता. पुढे सुने बर्गस्ट्रॉम यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९६४ मध्ये ते ॲराकिडोनिक आम्लापासून बनते हे सिद्ध झाले. १९७१ मध्ये इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी दाखवले की, ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखते. सत्तर वर्षांहून अधिक काळ जग ज्या गोळीने डोकेदुखी घालवत होते, ती काम कशी करते हे तेव्हा कळले. बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी थ्राँबॉक्सेन आणि ल्युकोट्राइन यांचा उलगडा केला. बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मासळीचा पुरावा

मग ओमेगा-३ मेदाम्ले काय करतात? १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे डेन्मार्कचे दोन संशोधक ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचे रक्त तपासायला गेले. सील, देवमासा आणि मासळी हे या लोकांचे अन्न. त्यांच्या रक्तात ॲराकिडोनिक आम्ल कमी आणि इकोसापेंटाइनोइक (यापुढे याला ईपीए म्हणू) हे वीस कार्बनांचे ओमेगा-३ मेदाम्ल भरपूर आढळले. इनुइटांना हृदयरोग फार कमी होतो, या त्यांच्या विधानावर पुढे बरीच टीका झाली आणि आज ते तसे मानले जात नाही. पण रक्तातील मेदाम्लांविषयीचे त्यांचे निरीक्षण टिकून राहिले.

ईपीए आहारात पुरेसे असले, की ते पेशीच्या भिंतीत ॲराकिडोनिक आम्लाची काही जागा घेते. इजा झाल्यावर तेही मोकळे होते आणि त्याच विकरांच्या वाटेने जाते. परंतु त्यापासून तयार होणारे ल्युकोट्राइन बी-५ हे बी-४ पेक्षा कितीतरी दुबळे असते. हाक तीच, पण आवाज हलका. शिवाय ही मेदाम्ले पेशीच्या केंद्रकातील दाहाचे हुकूम सोडणारी काही बटणेही थोडी आवरतात, असे नंतरच्या संशोधनात दिसले.

याहून मोठा शोध पुढचा आहे. दाह आपोआप मंदावतो, असे पूर्वी समजत. चार्ल्स सर्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, दाह विझवणे हे शरीराचे एक स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी वेगळे रेणू तयार होतात. ईपीए आणि डीएचए (बावीस कार्बनांचे दुसरे ओमेगा-३ मेदाम्ल) यांपासून 'रिझॉल्व्हिन' हे रेणू बनतात. ते नव्या पांढऱ्या पेशींना येण्यापासून थांबवतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला लावतात. आणि गंमत अशी की, असेच काम करणारे 'लिपॉक्सिन' हे रेणू ॲराकिडोनिक आम्लापासूनच बनतात. म्हणजे आग लावणारा आणि ती विझवणारा असे दोघेही एकाच घरातले. एका मेदाम्लाला खलनायक आणि दुसऱ्याला नायक ठरवणे नाटकात शोभते, पेशीत नाही.

करडईवरचा आरोप

आता आमच्या घरातून हद्दपार झालेल्या करडईच्या तेलाचा खटला. आरोप असा की, लिनोलेइक आम्लापासून शरीरात ॲराकिडोनिक आम्ल बनते, म्हणून करडईचे तेल खाल्ले की दाह वाढतो. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. मलाही वाटला होता. पण शरीर ही निर्मिती फार काटेकोरपणे आवरून धरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे आढळले की, आहारातील लिनोलेइक आम्ल पुष्कळ कमी किंवा जास्त केले तरी रक्तातील ॲराकिडोनिक आम्लाचे प्रमाण फारसे बदलत नाही. २०१२ च्या दुसऱ्या आढाव्यात निरोगी माणसांवरील प्रयोग तपासले गेले. लिनोलेइक आम्ल वाढवल्याने दाहाच्या खुणा वाढतात, याला त्यांत आधार मिळाला नाही.

तरीही पूर्ण निर्दोष सुटका करून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्या लोकांना तूप-लोण्याऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले कृत्रिम लोणी दिले गेले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. पण २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा या गटात १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. त्या काळच्या कृत्रिम लोण्यातील घातक ट्रान्स मेदाम्लांचा यात वाटा असावा, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. इतरांना ते मान्य नाही. उलट २०१९ मध्ये अनेक देशांतील ३० अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांच्या रक्तात लिनोलेइक आम्ल अधिक होते त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमीच आढळले. इतिहासाच्या पेपरात दोन साधने परस्परविरोधी बोलू लागली की आपण दोन्ही तपासतो, सोईचे एक उचलत नाही. येथेही तेच करावे.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांविषयी मात्र असा मतभेद उरलेला नाही. ती हृदयाला अपायकारक आहेत, हे पक्के झाले आहे. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम आहे.

जवसाचा हिशेब

शेवटी जवस. आईच्या ताटातल्या या औषधाचा हिशेब मी बाईंच्या मदतीने कागदावर मांडला. तो वाचकांनी स्वतः करून पाहावा, इतका सोपा आहे.

संधिवाताच्या रोग्यांवर माशाच्या तेलाचे बरेच प्रयोग झाले आहेत. रोज ईपीए आणि डीएचए मिळून सुमारे ३ ग्रॅम, निदान तीन महिने घेतल्यास दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि सकाळचा ताठरपणा थोडा कमी होतो, वेदनाशामक गोळ्याही काहींना कमी लागतात, असे त्यांत दिसले. हा फायदा माफक आहे आणि तो मूळ औषधे चालू असताना मिळालेला आहे. शिवाय एवढी मात्रा स्वतःच्या मनाने घेण्याची नव्हे. अशा मोठ्या मात्रेने काहींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

जवसात ईपीए नसते. त्यातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे शरीराला ईपीएमध्ये रूपांतर करावे लागते आणि या कामात माणसाचे शरीर फार आळशी आहे. फार तर दहा टक्के रूपांतर होते. डीएचए तर जवळजवळ बनतच नाही. जवसाच्या पुडीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. त्याचे दहा टक्के म्हणजे ०.१६ ग्रॅम. तेव्हा ३ ग्रॅमचा पल्ला गाठायला रोज सुमारे १९ चमचे जवस लागतील! आई खात होती दोन चमचे. चित्रफितीतील गृहस्थांनी 'जवसात ओमेगा-३ आहे' असे म्हटले, ते खरे होते. त्यांनी किती, कोणते आणि शरीर त्याचे काय करते, हे सांगितले नाही. अर्धे खरे हे पुरत्या खोट्यापेक्षा अधिक घातक असते, कारण ते लवकर पटते.

कोकणातल्या आपल्या मित्रांचे नशीब याबाबतीत बरे. बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीत तयार ईपीए आणि डीएचए असते. ऋतूनुसार प्रमाण बदलते एवढेच. आम्ही शाकाहारी आणि देशावरचे. आमच्यासाठी जवस वाईट नाही. त्यात तंतू आहेत, चव आहे, शरीराला आवश्यक असे एक मेदाम्ल आहे. फक्त ते अन्न आहे, औषध नव्हे.

उपसंहार

एवढ्या खटाटोपातून मला काय मिळाले? तेलांविषयी चार नेमक्या गोष्टी कळल्या. संपृक्त मेद बेताने घ्यावे, तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, वनस्पती तूप टाळावे, तेल एकाच प्रकारचे न वापरता आलटून-पालटून वापरावे. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. यांतली शेवटची गोष्ट मी आईच्या बोटांच्या किमतीवर शिकले आहे. सूज उतरली, पण उजव्या हाताच्या मधल्या बोटाला आलेला किंचित बाक काही गेलेला नाही.

आता आमच्या घरी शेंगदाण्याच्या आणि करडईच्या तेलाचे डबे शेजारी-शेजारी आहेत. रविवारी रात्री गोळीची आठवण मी करते आणि सोमवारी सकाळचा स्वयंपाकही मीच करते, कारण त्या दिवशी तिला मळमळते. जवसाची चटणी मात्र अजून आईच कुटते. परवा मी तिला हा सगळा हिशेब वाचून दाखवला. १९ चमच्यांपाशी ती खूप हसली. मग धीर करून मी विचारले, त्या दिवशी डॉक्टरांना माझे नाव का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तू माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतंस की गं. आता नीट शिकून सांग म्हणजे झालं."

शब्दकोशात 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ दिलेले आहेत. दुसऱ्या अर्थाचा अभ्यास मी वर्षभर केला. पहिला अर्थ मला आईकडून कळला.

— तृतीय वर्ष, कला (मराठी)